मे महिन्यातलं पाणी

“काका, ती कमेंट तुम्ही उडवलीत. मी लिटल इंडियाला गाडी बदलली तेव्हा होती, बुकित पंजांगला उतरलो तर नाही.”

“चपला बाहेर काढ आधी.”

“उडवलीत ना?”

“उडवली. तेच माझं काम आहे. कुशल, चपला.”

कुशलने चपला पायानेच भिरकावल्या. एक रॅकला आपटली, दुसरी शेजारच्या चिनी आजींच्या दारापर्यंत गेली. ती तो आणायला गेला नाही. निशिकांत काका स्वतः बनियनवर बाहेर आले, चप्पल उचलली, रॅकवर नीट लावली आणि मगच दार लोटलं.

हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा आ वासून पडल्या होत्या. हर्षा काकू हातातल्या काट्याला तिसरी छोटी बॅग लटकवून वजन बघत होत्या. त्यांच्या बहिणीच्या मुलीचं पुण्यात लग्न होतं. सिंगापूरहून आज दुपारचं विमान, सव्वा वाजता टॅक्सी. आत्ता पावणेअकरा झाले होते.

“पोहे ठेवलेत झाकून,” काकू म्हणाल्या. “आधी खा, मग भांड.”

कुशल सरळ आतल्या खोलीत गेला. तिथे काकांचं ऑफिस होतं, म्हणजे एक टेबल, दोन लॅपटॉप आणि भिंतीवर अमेरिकेचा नकाशा. नकाशावर लाल टाचण्या होत्या, ऐंशीच्या आसपास. प्रत्येक टाचणी म्हणजे एक गाव, आणि प्रत्येक गावाचं एक गाइड कुशलने किंवा काकांनी लिहिलेलं. तिकडच्या एका घरं विकणाऱ्या कंपनीला ती लागायची. गावात काय बघावं, नाश्ता कुठे करावा, मुलांना कुठे फिरवावं. अट एकच, लिहिणारा तिथलाच वाटला पाहिजे. ‘आमचं गाव’ म्हणायचं, ‘म्हणे’, ‘असं सांगतात’ असलं काही नाही. त्यासाठी प्रत्येक गावाला काकांनी लिहिणाऱ्याचं एक नाव देऊन ठेवलं होतं. कुठे बेट्सी, कुठे डग. डोंगराच्या पायथ्याच्या हॅरिगन्स फ्लॅटला रॉय.

हॅरिगन्स फ्लॅट हे जुनं सोन्याच्या खाणींचं गाव. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे नदीत सोनं सापडलं, माणसं धावली, सोनं संपलं, माणसं गेली. आता एक रस्ता, एक चर्च, एक बेकरी. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा कुशल म्हणाला होता, अख्ख्या गावालाच एक फ्लॅट, सरकारी घरांच्या बीटीओ सोडतीत नंबर कसा लागला असेल. काका खूप हसले होते. शाळा सोडून दीड वर्ष झालेल्या, सेंगकांगच्या घरी बसून दारं आपटणाऱ्या या मुलाला त्यांनी त्याच्या बाबांच्या शब्दाखातर घेतलं होतं. पण ते गाइड वाचल्यावर ते बाबांना फोन करून म्हणाले, याचे डोळे फार बारीक आहेत रे. नकाशावरचे रस्त्याचे फोटो एकेक पाऊल पुढे सरकवत कुशल त्या गावातून आठ दिवस चालला होता. त्याला तिथली वाकडी पत्रपेटी माहीत होती, चर्चचा कुठला पत्रा गंजलाय ते माहीत होतं. आणि पुलाच्या खालच्या अंगाला नदीत एका ओळीत पडलेले नऊ दगड माहीत होते. पलीकडे खाणकामगारांच्या घरांचे चौथरे होते. त्याने लिहिलं होतं, या दगडांवरून चालत पलीकडे जा, पाणी घोट्याएवढं असतं, वर्षभर.

गुरुवारी त्या पानाखाली डोना नावाच्या बाईने विचारलं. वडील एक्क्याऐंशीचे आहेत, हातात काठी असते, पलीकडच्या एका घरात त्यांचा जन्म झालाय, एकदा जायचंय म्हणतात. दगडांवरून जमेल का? तुम्ही तिथलेच, म्हणून विचारते.

उत्तर कुशलने लिहिलं आणि काकांनी एकदा नजर फिरवून टाकलं. नेहमीचीच पद्धत होती. रॉय म्हणाला, अगदी आरामात, माझा धाकटा भाऊ अनवाणी जातो.

आज सकाळी डोनाने आभार मानले होते. आम्ही निघालोय, आज रात्री जवळच्याच मोटेलात आहोत, उद्या सकाळी नऊला नदीवर. आणि तिच्या खाली दुसऱ्या कुणीतरी, नाव न देता, लिहिलं होतं. हे कोण लिहितंय? ते दगड जानेवारीपासून दिसलेले नाहीत. वरचा बर्फ वितळतोय. तिथे आज पुरुषभर पाणी आहे आणि इतकी ओढ आहे की परवा एक वासरू गेलं.

तीच कमेंट काकांनी उडवली होती.

“अशी माणसं प्रत्येक गावात असतात,” काका खुर्चीत बसत म्हणाले. “तू इथला नाहीस, तुला काय कळतं. दर गाइडखाली एक तरी. शिवाय मे चालू आहे, कुशल. मे महिन्यात नदीला कसलं पाणी? आमच्या गावाला मेमध्ये नदीत क्रिकेट खेळायचो आम्ही.”

कुशलने फोन त्यांच्यापुढे धरला. ट्रेनमध्ये त्याने शोधलं होतं. तिथल्याच एका छोट्या पेपरमधला या आठवड्यातला फोटो. तोच पूल, त्याच्याजवळची तीच पत्र्याची टपरी. पण मध्ये तपकिरी, फेसाळ, नुसतं धावणारं काहीतरी. दगड नव्हतेच. फोटोत पाणी हललेलं दिसत नाही, तरी तो फोटो स्थिर वाटत नव्हता.

काकांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

“मग तू वर्षभर कशावरून लिहिलंस?”

कुशलने फोन परत घेतला. त्याने जो फोटो बघितला होता तो तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधला होता, कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीखही होती. ती त्याने वाचली होती. पण तो चार वर्षांचा असताना सिंगापूरला आला होता. इथे जूनमध्ये जो शर्ट घालतात तोच डिसेंबरमध्ये. घरामागचा कालवा पाऊस पडला की तासभर वाढायचा आणि मग पुन्हा तेवढाच. नदी म्हणजे एक जागा, ती आहे तशी असते, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तारीख त्याच्यासाठी फक्त तारीख होती.

“तुम्ही पण वाचलं होतं,” तो म्हणाला.

“वाचलं होतं,” काका म्हणाले. बर्फ वितळून उन्हाळ्यात पूर येतो हे त्यांनी शाळेत भूगोलात पाठ केलं होतं, आणि त्यांनाही ते आठवलं नव्हतं.

तिकडे शुक्रवारची रात्र, पावणेआठ. कुशलने बोटांवर मोजलं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे इथली मध्यरात्र. तेरा तास होते. त्यातले टॅक्सी येईपर्यंत काकांचे अडीच.

“पासवर्ड द्या. मी लिहितो.”

“नाही.”

“काका.”

“मार्चमध्ये काय केलंस आठवतंय ना?”

मार्चमध्ये दुसऱ्या एका गावाखाली कुणीतरी लिहिलं होतं की हा माणूस आमच्या गावात आलेलाच नाही. कुशलने तिथल्या डगच्या नावाने त्याला असं काही उत्तर दिलं की कंपनीचा फोन आला. काकांनी तासभर माफी मागितली. तेव्हापासून पासवर्ड त्यांच्याकडे.

काकांनी स्वतः टाइप केलं. हळूहळू, दोन बोटांनी. हॅलो डोना, सध्या पाणी थोडं वाढलंय, जरा जपून.

“थोडं?” कुशल म्हणाला. “थोडं?”

“घाबरवायचं नसतं लोकांना. तिकडे कंपनीवाले वाचतात.”

कुशलचा हात टेबलाकडे जात होता, तो वळून कपाटावर आदळला. कपाटाचं दार आत गेलं आणि एका बिजागरीवर लोंबकळत राहिलं. काकू दारात आल्या. हातात काटा तसाच. त्यांनी दाराकडे बघितलं, कुशलच्या हाताकडे बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, “काय झालंय ते मला सांगा. तुम्ही दोघं नको, एकानेच.”

कुशलने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला आणि इंग्रजी घुसत गेलं, शेवटी नुसतं हाऊ कॅन लाइक दॅट, हाऊ कॅन, एवढंच उरलं. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी फोटो बघायला मागितला. बराच वेळ बघितला.

“पाण्यात उतरूच नका, असं लिहा,” त्या म्हणाल्या. “थोडं नको आणि जपून नको.”

काकांनी तसं लिहिलं. पाण्यात उतरू नका. दगड बुडाले आहेत. कृपया.

उत्तर दहा मिनिटांत आलं. डोना जागी होती, खूश होती. तिने लिहिलं होतं, रॉय, किती काळजी करतोस. डॅडी म्हणतात गावातले लोक बाहेरच्यांना नदीपासून लांब ठेवायला नेहमीच असं सांगतात, त्यांच्या लहानपणापासून. आणि तूच ना म्हणालास, भाऊ अनवाणी जातो. चार तास गाडी चालवत आलोय. आता मागे नाही फिरत. तुझं ते पान मी त्यांना तीनदा वाचून दाखवलं. म्हणाले, हा मुलगा खरा आमच्या गावचा.

काकूंनी काटा खाली ठेवला.

कुशल फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. चौदाव्या मजल्यावरून खाली एलआरटीचे, त्या उंचावरून धावणाऱ्या छोट्या रेल्वेचे, दोन डबे ब्लॉकच्या खिडक्यांना घासून गेल्यासारखे वळत होते. त्याने त्या भागाच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ऑफिसचा नंबर काढला होता. लागेल असं वाटलं नव्हतं, दुसऱ्याच रिंगला लागला. एका बाईने उचलला. तिचा आवाज चांगला होता, तेच वाईट झालं. ती प्रत्येक वाक्यात त्याला हनी म्हणत होती. त्याने सांगितलं ते तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, आडनाव? माहीत नाही. कुठली गाडी? माहीत नाही. कुठलं मोटेल? माहीत नाही. तू कुठून बोलतोयस? सिंगापूर. त्यानंतर ती आणखीच हळू, समजावल्यासारखी बोलायला लागली. काठावर सूचनेची पाटी लावलेली आहे. नदीजवळ जाणं हा गुन्हा नाही. सकाळच्या गस्तीवाल्याला ती सांगेल, पण पूल बारा मैलांत सात आहेत आणि गस्तीची गाडी एक. त्याने पुलाचं नाव सांगितलं. तिने लिहून घेतल्याचा आवाज आला, किंवा नुसताच पेन आपटल्याचा.

फोन ठेवल्यावर त्याने बाबांना लावला. बाबा नोव्हेनाच्या हॉस्पिटलात होते, आजीच्या गुडघ्याचे रिपोर्ट घ्यायला. ते म्हणाले, निशिकांतशी भांडलास का पुन्हा. कुशलने कट केला.

आत आला तेव्हा काकू काकांच्या मागे उभ्या होत्या आणि काका खुर्ची सोडून बाजूला झाले होते. लॅपटॉपवर डोनाचा ईमेल पत्ता उघडा होता. कमेंट टाकताना लोक देतात तो, फक्त काकांना दिसणारा.

“बस,” काका म्हणाले. “काय खरं आहे ते लिही. कंपनीचं नाव नको घालूस, बाकी लिही.”

“ते तुम्हाला काढतील.”

“काढतील तर काढतील.” काकांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं नाही. ते लोंबकळणारं दार हाताने जागेवर बसवायचा प्रयत्न करत होते. ते बसत नव्हतं.

कुशल बसला. त्याला आठ दिवसांत तीन हजार शब्द लिहिता आले होते, आता तीन ओळींना अर्धा तास लागला. माझं नाव रॉय नाही, कुशल आहे. मी सतरा वर्षांचा आहे, सिंगापूरमध्ये राहतो. मी तुमचं गाव कधी पाहिलेलं नाही. मला धाकटा भाऊ नाही. मी एक जुना फोटो बघून लिहिलं आणि वर्षभर हा शब्द मी मनाने घातला. खाली त्याने पेपरमधला फोटो जोडला. सॉरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

काकांनी ते वाचलं आणि एकही अक्षर न बदलता पाठवलं. मग हॅरिगन्स फ्लॅटचं पूर्ण पानच साइटवरून काढून टाकलं.

बारा वाजले. साडेबारा. काकूंनी पोहे गरम करून आणून दिले, त्याने खाल्ले नाहीत, मग खाल्ले. काका आंघोळ करून पँट-शर्टमध्ये आले. बॅगांच्या चेन लागल्या, कुलपं लागली. एकला सात कमी. कुशल मेलबॉक्स रिफ्रेश करत होता. दर वेळी वर एक बारीक चक्र फिरायचं आणि थांबायचं.

एकला पाच कमी असताना उत्तर आलं. डोनाच्याच पत्त्यावरून. पण डोनाचं नव्हतं.

मी लेस्टर, तिचा बाप. ती झोपलीय, फोन चार्जिंगला माझ्या बाजूला आहे. तू तिथला नाहीस हे मला पहिल्या दिवशीच कळलं. आमच्या गावात त्या ओढ्याला कुणी नदी म्हणत नाही आणि मेमध्ये तिथे कुणी घोट्याएवढ्या पाण्याची गोष्ट करत नाही. मी त्याच्या काठावर वाढलोय, पोरा. मेमध्ये तो काय करतो मला माहीत आहे. पण डोनाला माहीत नाही, आणि तू लिहिलंस म्हणून ती मला घेऊन आली. नुसतं लांबून बघायला तिने चार तास गाडी चालवली नसती. गेली सहा वर्षं विचारत होतो. मी घडीची खुर्ची घेतलीय. या काठावर बसेन, पलीकडे बघेन, परत येऊ. तिला काही कळवू नकोस. तुझी मेल मी पुसून टाकतोय. तुझ्यावर राग नाही.

कुशलने ते काकांना वाचून दाखवलं, मराठीत करत, अडखळत. काकांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. ते म्हणाले, “बघ. झालं. म्हाताऱ्याला सगळं माहीत आहे.”

“आणि तो उतरला तर?”

“अरे, खुर्ची घेऊन आलाय तो.”

कुशलने स्क्रीनकडे बघितलं. खुर्चीपाशी तो परत परत थांबत होता. बेकरीच्या पायरीवर त्यानेही एक म्हातारा कुत्रा बसवला होता, एका कानाने बहिरा. कुत्रा कुठल्याच फोटोत नव्हता. पण तो घातल्यावर सगळी बेकरी खरी झाली होती. असं काहीतरी बारीक, कुणी मुद्दाम सांगणार नाही असं घातलं की माणसं पुढचं विचारत नाहीत. हे त्याला कितीतरी गावांत जमलं होतं. लेस्टरची खुर्ची खरीही असेल. गाडीच्या डिकीत पडलेली असेल, निळ्या कापडाची. किंवा नसेल. वाचून कळत नव्हतं. तोच वाचून लोकांना कळू नये असं लिहायचा, आणि आता त्याला स्वतःला कळत नव्हतं.

“काकू, तुम्हाला काय वाटतं?”

काकू पासपोर्ट मोजत होत्या. दोन पासपोर्ट, तरी मोजत होत्या.

“तिला सांगायला पाहिजे,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “सहा वर्षं मागत होता म्हणाला ना?” आणि पर्सची चेन लावली.

खालून टॅक्सीवाल्याचा फोन आला. काका मोठी बॅग दाराकडे ओढायला लागले. लॅपटॉप शेवटी, ते म्हणाले, दोन मिनिटं आहेत तुला. शिक्षा केल्यासारखं नव्हतं ते. दोन मिनिटं खरंच त्यांच्याकडे होती, ती त्यांनी दिली.

पत्ता एकच होता. मेल डोनाच्या हातात पडली तर म्हाताऱ्याला नदीच्या काठावरसुद्धा बसता येणार नाही, ती गाडी वळवेल. लेस्टरच्या हातात पडली तर तो वाचेल आणि पुसेल. कुणाच्या उशाशी फोन असेल हे बुकित पंजांगमधून ठरवता येत नव्हतं. कुशलने ‘डोना’ लिहिलं. खोडलं. ‘लेस्टर’ लिहिलं. तेही खोडलं. मग वर काहीच न लिहिता सुरुवात केली.

हे जो उघडेल त्याने वाचावं. काठावर बसा. पाण्याच्या अगदी जवळ नको, पुलाच्या वरच्या अंगाला जिथे रस्ता उंच आहे तिथे. मी तिथे आलेलो नाही, तरी सांगतोय. माझा नंबर खाली दिलाय. तुम्ही पोचाल तेव्हा इथे बारा वाजलेले असतील, मी जागा असेन. बसलात की मला फक्त खुर्चीचा फोटो पाठवा. रिकामी नको.

शेवटचे दोन शब्द त्याने खोडले. परत लिहिले.

“कुशल,” काका दारातून म्हणाले.

त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली आणि मेल पाठवली:

मला आता निघायला हवं.